घरात कापूस असताना

कापूस घरात आला की आमच्या घराचा आवाज बदलायचा. एरवी स्वयंपाकघरात झाकणी पडली तर समोरच्या खोलीत दचकायला व्हायचं. कापूस भरल्यावर तीच झाकणी पडे आणि कुणी उशीवर हात आपटावा तेवढाच आवाज येई. तीन खोल्यांचं घर. समोरची खोली दिवाळीनंतर कापसाची. दाराच्या चौकटीत आडव्या फळ्या बसवून बाबा छातीइतकी आड करत आणि तिच्यामागे कापूस वाढत वाढत आढ्याखालच्या लहान खिडकीपर्यंत जाई. आम्ही सगळे मग मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात दाटीनं राहायचो. बोलणं, खोकणं, मधूचं रडणं, सगळं त्या भिंतीसारख्या पांढऱ्या ढिगात जिरून जायचं. मला ते आवडायचं. मी वाचणारी मुलगी होते. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचे, आणि घर असं मऊ, मुकं झालं की मला कुणी हाक मारलेली ऐकू आली नाही असं खरंच म्हणता यायचं.

समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव. नाव लिहीत नाही, तिथं आता आमचं कुणी नाही. घरात माय, बाबा, मी तेरा वर्षांची, माझ्या पाठची कुंदा सात वर्षांची, आणि धाकटा भाऊ मधू. मधूला दोन वर्षं पूर्ण व्हायला दीड महिना होता. चालायला लागला होता, पण उंबरठा आला की खाली बसून पाय आधी पलीकडे टाकायचा, मग उरलेला स्वतः जायचा. त्याला मोजके शब्द येत. मला तो ‘ताय’ म्हणे. गूळ मागताना मात्र पूर्ण वाक्य बोलायचा.

कापसाच्या दिवसांत मायचे दोन नियम होते. पहिला विस्तवाचा. चुलीतला निखारा स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. कंदील दाराच्या खिळ्याला, त्याच्या पुढे नाही. एरवी थंडीत मधल्या खोलीत शेगडी असायची, मधूला ओव्याची धुरी असायची, ते सगळं कापूस विकला जाईपर्यंत बंद. एक ठिणगी आणि वर्षाचं सगळं गेलं, हे तिनं दुसऱ्याच्या घरी बघितलेलं होतं. दुसरा नियम आमच्यासाठी. कापसात जायचं नाही. बैलबंडीत कापूस भरायच्या दिवशी पाय धुऊन आम्हा दोघींना तुडवायला चढवत, तेवढंच. बाकीच्या वेळी फळीवर हात जरी दिसला तरी ती ओरडायची, “जो कापसात जाईन त्याले हिंगणीले धाडून देईन मामाकडं! मंग बसा जंगलात बोंबलत.” हिंगणी आम्हाला आवडायची, मामा लाड करायचा, पण धमकी म्हणून हिंगणी भयंकर वाटे. कुंदा तरी जायचीच. फळीवरून उडी मारून गळ्यापर्यंत रुतायची आणि बाहेर आल्यावर दोन दिवस अंग खाजवायची. माय विचारे, “काऊन खाजवून राह्यली वं?” कुंदा म्हणे, “डास.” पौषात डास.

त्या वर्षी बाबा एक बंडी घेऊन खरेदी केंद्रावर गेले होते. तिथं बंड्यांची रांग लागायची आणि आपला नंबर येईपर्यंत माणसं आठ-आठ, दहा-दहा दिवस बंडीखाली झोपायची. बाबांनी जाड रजई सोबत नेली. ते निघाले त्या सकाळी कुंदाला दोन शिंका आल्या होत्या, तेवढंच. गावात तापाची साथ होती हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेचे दोन्ही मास्तर आजारी म्हणून शाळा बंद होती. संध्याकाळी वेचणी करणाऱ्या बाया आमच्या अंगणात कापूस मोजून द्यायला यायच्या, त्यांतली एक पदर तोंडावर धरून खोकत होती आणि मायनं तिला गरम चहा दिला होता. चहा देताना मधू मायच्या कडेवर होता. हे मला आता दिसतं. तेव्हा दिसलं नाही, कुणालाच दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कुंदा पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी माय भाकरी थापता थापता थांबली, हात परातीत ठेवून मला म्हणाली, “शाले, मले उठवत नाई,” आणि तिथून ती रांगत मधल्या खोलीत गेली. मी तिला कधी रांगताना पाहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मधूचं अंग तापलं. मी एकटी उभी राहिले. मला ताप का आला नाही, याचं उत्तर मला कधी मिळालं नाही. पुष्कळ वर्षांनी, कोरोनाच्या वेळी, माझ्या इमारतीतली सगळी घरं एकेक करून बंद झाली आणि मी सत्तरीकडे झुकलेली बाई ठणठणीत राहिले, तेव्हाही मला तसंच अपराध्यासारखं वाटलं होतं. लोकांच्या दाराशी डबे ठेवताना माझे हात तेरा वर्षांच्या मुलीसारखे काम करत होते, पटापट आणि काही न वाटता.

मला भाकरी येत होती, पण रोजची नाही. माय अंथरुणातून आवाजावरून सांगायची. परातीत हाताचे थापे पडत आणि ती डोळे मिटून म्हणे, “पातळ झाली. तुटन थे.” आणि ती तुटायची. “पीठ लाव आजून.” मी लावायची. ज्वारीच्या कण्या शिजवायची, त्या जरा मीठ आणि ताक घालून कुंदाला भरवायची, कुंदा दोन घास खाऊन तिसरा परत द्यायची. सुंठ, तुळस, गूळ घालून काढा. तो करताना घरभर चांगला वास सुटायचा, सणासारखा, आणि आत तिघं कण्हत असायची. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या चुलीत भराभर जळून जातात, सारखं समोर बसावं लागतं. मी तिथं बसून एका जुन्या दिवाळी अंकाची फाटकी पानं वाचायची. कथेचा शेवट नव्हता. मी तीच पानं पुन्हा वाचायची.

परसातल्या भिंतीपलीकडे गयाबाई राहायची. मोठ्या तोंडाची, मोठ्या हाडाची बाई. तिच्या घरी सात माणसं. रोज सकाळी ती भिंतीवरून डोकं काढून विचारायची.

“शाले! आज किती पडले, किती उठले?”

“तिघंबी पडलेच हायेत, मावशी.”

“आमच्या इथं दोन नवे पडले अन् म्हातारा उठला. उठल्याबरोबर जेवाले मांगून राह्यला. थो पडलेलाच बरा होता.” मग जरा आवाज खाली आणून, “लहान्याचं कसं हाय?”

“दूध घेते थोडं.”

“त्याले त्याईच्यातून दूर ठेव. मोठ्याईचा ताप लहान्याले वाईट. अन् थंडी लागू देऊ नोको बाई, काई केलं तरी थंडी लागू देऊ नोको.”

तिनं भिंतीवरून तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी एका डब्यात दिली. मी ती एकटीनं खाल्ली. घरात खाणारं दुसरं कुणी नव्हतं. ती चव माझ्या तोंडात अजून आहे, आणि ती चांगलीच आहे, हे लिहायला मला संकोच वाटतो.

बाबा गेल्याला सहावा दिवस. दिवेलागणीची वेळ. मधू माझ्या मांडीवर होता आणि थरथरत होता. पोट चुलीसारखं तापलेलं आणि हात-पाय गार. ओठांचा रंग जांभळासारखा. घरात पांघरुणं होती ती अशी: एक गोधडी मायवर, एक कुंदावर, आणि मधूचं दुपटं, ते त्यानं पुन्हा पुन्हा ओलं केलं होतं आणि मी ते चुलीवर धरून निम्मं वाळवलं होतं. मायच्या कुशीत त्याला ठेवून पाहिलं. माय भ्रमात होती, तिच्या आईशी बोलत होती, विहिरीचं काही सांगत होती. तिचं अंग एवढं तापलं होतं की मधू किंचाळून बाजूला सरकला. शिवाय गयाबाईनं दूर ठेव म्हटलं होतं. शेगडी पेटवायची तर मधल्या खोलीत आणावी लागली असती, आणि मधल्या खोलीच्या दाराशी कापूस होता. स्वयंपाकघरात चुलीपाशी त्याला निजवावं तर परसाच्या दाराच्या फटीतून वारा थेट चुलीवर यायचा, राख उडायची. मी हे सगळं क्रमानं मनात म्हटलं. गणित सोडवावं तसं. मग मला वाटलं, कापूस. या घरात सगळ्यांत गरम जागा ती आहे. कुंदा आत रुतते तेव्हा घामेजून बाहेर येते.

मी मधूला त्याच दुपट्यात गुंडाळलं, फळीवरून आत ठेवलं, मग मी चढले. हातानं कापूस बाजूला करून खळगा केला, त्यात त्याला निजवलं आणि दोन्ही बाजूंनी कापूस ओढून गळ्यापर्यंत आणला. तोंड उघडं ठेवलं. मला अजून आठवतं, मी तोंड उघडं ठेवलं होतं. थोड्या वेळानं त्याची थरथर थांबली. डोळे मिटले. कपाळावर घाम आला. मला फार बरं वाटलं. मी तिथून बाहेर आले तेव्हा मला आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं, आणि बाबा आले की त्यांना कसं सांगायचं याची मी वाक्यं जुळवत होते. कुंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मायचा आवाज कमी झाला होता. मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला टेकून बसले आणि त्या आठवड्यातली पहिली खरी झोप मला लागली.

जाग आली ती मायच्या आवाजानं. उन्हं परसात आली होती. ती भिंतीला धरून उभी होती, चार दिवसांत पहिल्यांदा, ताप उतरल्यामुळे चेहरा राखेसारखा. फळीवरून आत वाकून पाहत होती. मी तिच्या बाजूला गेले. मधू जिथं ठेवला होता तिथं नव्हता. लोळत जरा खाली रुतला होता, खांद्यावरचा कापूस गालांपर्यंत आला होता, आणि ओठांना, नाकाला बारीक तंतू चिकटले होते. जिवंत होता. श्वास घाईघाईनं चालला होता, आणि प्रत्येक श्वासाला फासळ्यांच्या खालची कातडी आत ओढली जात होती.

मायनं त्याला उचललं. बोटानं नाक साफ केलं. मग मागे वळून म्हणाली, “याले इथं कोनं ठेवलं?”

मी तोंड उघडलं होतं. हे मला नक्की आठवतं, की मी तोंड उघडलं होतं. पण अंथरुणातून कुंदा म्हणाली, “म्या.”

माय तिच्याकडे पाहत राहिली. “तू?” एवढंच.

“म्या ठेवलं. त्याले थंडी वाजून राह्यली होती.”

माय मधूला घेऊन खाली बसली. मला म्हणाली, “शाले, गयाले हाक मार.” आणि मी हाक मारायला गेले. तेव्हा सांगायचं राहिलं ते असं. एक हाक मारायची होती म्हणून.

गयाबाई अंगावर शाल घेऊन आली, मधूला पाहिलं आणि तिचं ते मोठं तोंड एकदम लहान झालं. तिनं आपल्या नवऱ्याला सायकलवर बाबांकडे पिटाळलं. गावात बंडी मिळेना, ज्या होत्या त्या सगळ्या रांगेत. फाट्यावरून दहाला समुद्रपूरची बस जायची. मायला चालणं शक्य नव्हतं. ती उंबरठ्यापर्यंत आली आणि चौकटीला धरून बसली. गयाबाईनं मधूला खांद्यावर घेतलं, मी दुधाची बाटली आणि दुपटं घेतलं, आणि आम्ही निघालो. फाटा दीड मैल. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काळ्या काळ्या, टोकांना राहून गेलेल्या कापसाचे ठिपके. गयाबाई वाटभर बोलत होती. त्याच्याशी. “माह्या राजा, बसमदी बसाचं हाय न? पों पों कराचं हाय न? डॉक्टर सुई देते, रडाचं नाई. अन् रडला तं मी त्या डॉक्टरले मारतो, मंग तं झालं?” मध्येच ती थांबे, त्याच्या तोंडाजवळ कान नेई आणि पुन्हा चालू लागे.

फाट्यावर एक बाभळीचं झाड होतं. आम्ही त्याखाली उभे राहिलो. मग बसलो. गयाबाईनं त्याला मांडीवर घेतलं. ती बोलायची थांबली. मी रस्त्याकडे पाहत होते, बस येते का म्हणून, त्यामुळे मला नेमकं कधी ते सांगता येणार नाही. मी वळले तेव्हा तिचा हात त्याच्या छातीवर होता आणि ती हात काढत नव्हती.

बस वेळेवर आली. दार उघडलं. कंडक्टर खाली वाकून म्हणाला, “चला बाई लवकर, चढता का?”

गयाबाई म्हणाली, “नाई बापा. जा तू.”

त्यानं मधूकडे पाहिलं आणि घंटी मारली. परत येताना मधूला मी घेतलं. त्याच्या कानामागे एक तंतू राहिला होता. मी तो काढला आणि माझ्या परकराला पुसला.

बाबा दुपारी आले, गयाबाईच्या नवऱ्याबरोबर, सायकलवर मागे बसून. बंडी रांगेतच ठेवून आले होते, शेजारच्या बंडीवाल्याला नंबर राखायला सांगून. एवढ्या लहान मुलांना पुरतात. ओढ्यापलीकडे आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, त्याला नेलं. बाया जात नाहीत, म्हणून मी ती जागा तेव्हा पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा परत रांगेत गेले, कारण नंबर चुकला असता. आता लोकांना हे कठोर वाटेल. तसं काही नव्हतं. बैल तिथं होते, त्यांना चारा लागत होता.

चार-सहा दिवसांनी ते रिकामी बंडी घेऊन आले आणि उरलेला कापूस भरायला घेतला. कुंदा तोपर्यंत उठून हिंडत होती. दरवर्षी आम्ही दोघी पाय धुऊन बंडीच्या चाकाशी उभ्या राहायचो. त्या दिवशीही राहिलो. बाबा म्हणाले, “शाले, चढ. तुडव.” कुंदाला कुणी चढ म्हटलं नाही. ती ओले पाय घेऊन उभी राहिली, ते वाळले, मग आत गेली. मी तुडवत राहिले. टोपल्यांनी कापूस येत होता, पांढरा, सारखाच, त्यातला कोणता कुठला हे कळायला मार्ग नव्हता. गुडघ्यापर्यंत रुतायचं, पाय वर काढायचा, पुन्हा रुतायचं. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली आणि घरात आवाज परत आले. मायनं स्वयंपाकघरात वाटी ठेवली, ती मला समोरच्या खोलीत ऐकू आली. त्या रात्रीपासून शेगडीही मधल्या खोलीत येऊ लागली.

मायनं कुंदाला मारलं नाही. शिव्या दिल्या नाहीत. मला वाटतं, मारलं असतं तर ते संपलं असतं. दर रविवारी ती आम्हा दोघींच्या डोक्याला तेल घालून वेण्या घालायची, आधी धाकटी, मग मोठी, एवढ्या घट्ट की डोळ्यांचे कोपरे ओढले जायचे. त्या रविवारी तिनं माझी वेणी घातली आणि कंगवा माझ्या हातात दिला. “तिची तू घाल.” कुंदा माझ्यापुढे पाठ करून बसली. मला जमेना. भांग वाकडा गेला. मी तिच्या मानेकडे बघत होते, आणि आता सांगावं, आता माय इथंच आहे, असं मनात म्हणत होते, आणि पेडावर पेड टाकत होते.

होळीच्या आधी मामा आला. हवापालट म्हणून, असं ठरलं. कुंदाचे दोन परकर, पाटी, एवढं पिशवीत. निघताना तिनं विचारलं, “माही थाळी घेऊ का?”

माय म्हणाली, “मामाच्या घरी थाळ्या नाईत का?”

हवापालट नऊ वर्षं चालला. ती हिंगणीच्या शाळेत शिकली, तिथल्या मुलींत वाढली, तिथली झाली. सुट्टीत यायची तेव्हा माय तिला आधी वाढायची, गोड करायची, पानात दुसऱ्यांदा विचारायची. पाहुणीला विचारतात तसं. कुंदाही पाहुणीसारखी ‘पुरे, पुरे’ म्हणायची. तिथूनच तिचं लग्न झालं, सिंदी रेल्वेला, किराणा दुकान असलेल्या घरी. मी वर्ध्याला शिकले, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि पुस्तकांत राहिले. लग्न केलं नाही. त्याला हे कारण नाही, किंवा असेल. एकदा ग्रंथालयात नेहमी येणाऱ्या एका डॉक्टरांना मी दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून हे सांगितलं. ते म्हणाले, “एवढ्या लहान मुलाच्या छातीत फ्लू उतरला की फार काही हातात राहत नाही. त्या काळात तर नाहीच. कापसानं झालं असं म्हणता येणार नाही.” मग पुस्तक मिटून म्हणाले, “झालं नाही असंही म्हणता येणार नाही.” मी पुस्तकावर शिक्का मारून दिला.

माय गेली तेव्हा मी पन्नाशीला आले होते. शेवटच्या महिन्यात ती माझ्याकडे होती. तीस रात्री, तीस दिवस ती आणि मी एका खोलीत. मी तिला पेपर वाचून दाखवायचे. तिला सांगितलं नाही. आता या वयात तिला काय त्रास द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते ऐकायला चांगलं वाटलं. कुंदा शेवटच्या दिवशी सिंदीहून आली आणि पायांशी उभी राहिली. मायनं तिला ओळखून विचारलं, “जेवली का?” कुंदा म्हणाली, “हो, जेवली.” ती जेवली नव्हती.

मागच्या हिवाळ्यात कुंदाचं दुखणं वाढलं तेव्हा मी सिंदीला जाऊन राहिले. सुना चांगल्या आहेत, पण तिला वेणी माझ्याकडूनच घालून हवी असायची. दुपारी अंगणात ऊन यायचं, तिला खुर्चीत बसवायचं आणि मी मागे स्टुलावर. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या. एका दुपारी अशीच एक गाडी गेली, वरून पुंजके उडाले, एक तिच्या मांडीवर पडला. तिनं तो उचलून बोटांत धरला. मी म्हटलं, “कुंदा, मधूले कापसात तू ठेवलं नव्हतं.” एवढ्या वर्षांत वेगवेगळ्या प्रकारे जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे. त्यांतलं हे नव्हतं.

ती म्हणाली, “मले मालूम हाय.”

माझा हात थांबला.

“मी जागीच होती न. तू त्याले उचलून नेलं, फळीवर ठेवलं, मंग चढली. मले दिसे सगळं.”

“मंग तू ‘म्या’ काऊन म्हटलं?”

तिनं पुंजक्यातली सरकी नखानं काढायचा प्रयत्न केला. निघेना. “तुले हिंगणीले धाडलं असतं मायनं. मंग भाकरी कोनं टाकल्या असत्या? मी पडून, माय पडून. तूच तं एक उभी होती घरात.” मग ती म्हणाली, “मले वाटलं, दोन दिसाची गोष्ट हाय.”

रस्त्यावर पुन्हा एक गाडी आली, गेली. मला तिला काही तरी म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं होतं. मग मी वेणी पूर्ण केली. केस थोडेच राहिले होते, तीन पेड कसेबसे झाले. रबर बांधल्यावर तिनं हात मागे नेऊन वेणी चाचपून पाहिली.

“घट्ट नाई झाली, ताई,” ती म्हणाली. “माय घट्ट घाले.”